श्राव्य-साक्षरता (ठाणे व नवी मुंबई परिसर)

श्राव्य-साक्षरता : रेडिओ, ध्वनिमुद्रण, मोबाइल फोन आणि उच्चार ओळखणारी सॉफ्टवेअर यांच्या आधारे भाषा व लिहिणे-वाचणे शिकण्याची, शिकवण्याची पद्धती. ‘मोबाइल-शिक्षण’ ही संज्ञा याहून व्यापक आहे. तीत गणित, आरोग्य, शेतीसल्ला असे सारेच येते. येथे फक्त कानाकडून अक्षराकडे जाणारा मार्ग विचारात घेतला आहे. १ ऑगस्ट २०१४ पूर्वीच्या संदर्भांत ‘ठाणे जिल्हा’ म्हणजे आजच्या पालघरसह अविभाजित जिल्हा समजावा.

उगमाबद्दल एकमत नाही. काही अभ्यासक थेट फोनोग्राफपर्यंत मागे जातात. एडिसनने १८७८ मध्ये या यंत्राच्या उपयोगांची यादी दिली होती आणि तीत वक्तृत्वशिक्षण, अंधांसाठी बोलकी पुस्तके व भाषांच्या उच्चारांचे जतन हे तिन्ही उपयोग आहेत. दुसरे मत पुणे आकाशवाणीच्या १९५६ च्या ग्रामीण श्रोतामंडळांना आरंभ मानते. युनेस्कोच्या साहाय्याने पाच मराठी जिल्ह्यांतील सुमारे १५० गावांत हा प्रयोग झाला. तिसऱ्या मतानुसार खरा प्रारंभ निकाराग्वातील रेडिओ-गणित प्रकल्पापासून (१९७४) होतो. त्यात निवेदक प्रश्न विचारून थांबे, मुले त्या शांततेत मोठ्याने उत्तर देत आणि मग बरोबर उत्तर ऐकवले जाई. केनियात १९८० नंतर हीच रीत इंग्रजी शिकवण्यासाठी वापरली गेली. श्रोत्याकडून उत्तर मागणे ही या पद्धतीची खूण धरली, तर तिसरे मत अधिक ग्राह्य ठरते. मात्र पुण्याच्या प्रयोगात कार्यक्रम संपताच गावकरी गोल बसून त्यावर चर्चा करीत, ही गोष्ट बहुतेक आढाव्यांत एका ओळीत उरकली जाते. तिला याहून अधिक मान द्यायला हवा.

मोबाइलपुरते बोलायचे तर भारतातील ‘मिली’ हा प्रकल्प (२००४ पासून) सामान्यतः प्रारंभीचा मानला जातो. त्यात उत्तर भारतातील खेड्यांतल्या मुलांसाठी पारंपरिक खेळांच्या धर्तीवर इंग्रजी शिकवणारे फोनवरचे खेळ रचले होते.

ठाणे जिल्ह्याची पूर्वपीठिका मात्र यंत्राची नाही. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी बोर्डी (१९४५) व पुढे कोसबाड (१९५७) येथे आदिवासी मुलांसाठी चालवलेल्या बालवाड्या, कुरणशाळा (गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातच भरणाऱ्या शाळा) यांत गाणी, गोष्टी आणि गप्पा यांना पाटीआधीचे स्थान होते. वसई-भिवंडी भागातील वीटभट्ट्यांवर १९९० च्या दशकात ‘भोंगा शाळा’ सुरू झाल्या. भोंगा म्हणजे भट्टीमजुरांचे कच्चे खोपटे. दिवाळीनंतर आई-बापांबरोबर भट्टीवर गेलेले मूल पावसाळ्याच्या तोंडाशी पाड्यावर परतते, तोवर गावच्या शाळेतील वर्ष निघून गेलेले असते. खिशात मावणारा पाठ या मुलांना इतर कोणाहीपेक्षा जास्त उपयोगी आहे.

ध्वनीचा प्रश्न : मराठीत ‘च’, ‘ज’, ‘झ’ या अक्षरांचे प्रत्येकी दोन उच्चार आहेत, तालव्य (जीभ टाळूला लागून) आणि दंततालव्य (जीभ दातांमागे लागून). ‘चार’ (संख्या) व ‘चारा’ (वैरण), ‘जग’ (विश्व) व ‘जग’ (जगणे या क्रियापदाचे आज्ञार्थी रूप) या जोड्यांत लिपी भेद दाखवत नाही, कान दाखवतो. साध्या दूरध्वनीची वाहिनी सुमारे ३०० ते ३,४०० हर्ट्झ एवढाच पट्टा वाहून नेते आणि तीत ध्वनीचे नमुने सेकंदाला ८,००० वेळा घेतले जातात. ‘स’ आणि दंततालव्य ‘च’ यांच्या घर्षणाची बरीच ऊर्जा ४,००० हर्ट्झच्या वर असते. परिणामी जो भेद फक्त कानाने शिकायचा, तोच फोनवरच्या ध्वनिपाठात पुसट होतो. मिस्ड कॉल दिल्यावर उलट कॉल येऊन गोष्ट ऐकवणाऱ्या सेवांची ही जन्मजात मर्यादा आहे. विस्तृत पट्ट्याच्या कोडेकमध्ये, म्हणजे आवाजाचे अंकांत रूपांतर करण्याच्या रीतीत (सुमारे ५० ते ७,००० हर्ट्झ, १६,००० नमुने) ती बरीच दूर होते. भारतात चौथ्या पिढीच्या (४जी) जाळ्यावरून बोलण्याची सोय २०१६ नंतर झपाट्याने पसरली तसा हा पट्टा सामान्य ग्राहकापर्यंत पोचला, पण बटणाच्या जुन्या फोनवर अडचण कायम राहिली. व्हॉट्सॲपवर पाठवलेली ध्वनिफीत या बंधनात अडकत नाही. त्यामुळे उच्चारशिक्षणासाठी कॉलपेक्षा फीत बरी, असे म्हणता येते.

एका घरगुती युक्तीचाही उल्लेख येथे करायला हवा. फोनचा स्पीकर खाली करून तो रिकाम्या स्टीलच्या पातेल्यात उभा ठेवला की आवाज मोठा होतो आणि पाच-सहा मुले भोवती बसून ऐकू शकतात. मात्र भांड्याच्या घुमण्यामुळे ‘स’ व ‘श’ एकमेकांत मिसळतात. गोष्टीसाठी पातेले चालते, उच्चाराच्या पाठाला नको.

लिपीचा प्रश्न : लघुसंदेशाची क्षमता १४० बाइट असते. रोमन लिपीत तेवढ्यात १६० चिन्हे बसतात, देवनागरीत ७०. शिवाय युनिकोड या संगणकीय लिपिसंकेतात मात्रा, अनुस्वार व हलन्त ही प्रत्येकी स्वतंत्र एकके मोजली जातात. ‘विद्यार्थ्यांना’ हा शब्द वाचणाऱ्याला चार अक्षरांचा दिसतो (वि, द्या, र्थ्यां, ना), पण यंत्राच्या हिशेबात तो १५ एककांचा आहे. असे पाचच शब्द एका संदेशात मावत नाहीत. पालकांना मराठी संदेश रोमन अक्षरांत पाठवण्याची सवय पडली, तिच्या मुळाशी कळफलकाच्या अडचणीइतकेच हे गणित असावे. नवसाक्षराच्या दृष्टीने ती सवय घातक आहे, कारण नुकतीच गवसलेली बाराखडी तिथे कामालाच येत नाही.

ऐकता ऐकता पडद्यावरचा शब्द रंगाने उजळत जाण्याच्या सोयीतही हा पेच येतो. ‘कि’ मध्ये ऱ्हस्व वेलांटी लिहिताना क च्या आधी येते, उच्चारात नंतर. म्हणून रंग एककागणिक न सरकता अक्षरागणिक सरकला पाहिजे. मूल बोट ठेवून वाचते तेव्हा तेही वेलांटीवर थांबत नाही, पुऱ्या ‘कि’ खाली बोट धरते.

उजळणाऱ्या शब्दांची कल्पना भारतात ‘त्याच भाषेतील उपशीर्षके’ या रूपाने रुजली. अहमदाबादच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेतील ब्रिज कोठारी यांनी १९९६ पासून ती मांडली आणि चित्रपटगीतांच्या दूरदर्शन कार्यक्रमांत ती वापरली गेली. गाणे पाठ असते, त्यामुळे पुढचा शब्द डोळ्याआधी कानाला ठाऊक असतो. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसचा प्रौढांसाठीचा संगणकाधारित साक्षरता कार्यक्रम (२०००) अक्षराऐवजी शब्दापासून सुरुवात करतो, तोही याच जातीचा.

वाचन ऐकणारी यंत्रे : मुलाने मोठ्याने वाचायचे आणि ॲपने चूक दाखवायची, असे ‘बोलो’ हे गूगलचे ॲप मार्च २०१९ मध्ये हिंदी व इंग्रजीसाठी आले. पुढे २०२० मध्ये ते ‘रीड अलाँग’ झाले व त्यात मराठीची भर पडली. एकदा उतरवून घेतले की ते नेटशिवाय चालते. पवईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतही मुलांच्या प्रकट वाचनाचे स्वयंचलित मूल्यमापन हा संशोधनाचा विषय राहिला आहे.

ठाण्याच्या संदर्भात कळीचा मुद्दा बोलीचा आहे. ग्रियर्सनच्या भाषासर्वेक्षणाच्या सातव्या खंडात (१९०५) ठाणे-कुलाबा किनाऱ्याच्या आगरी, कोळी, वाडवळी, ठाकरी, वारली, कातकरी इत्यादी बोलींच्या नोंदी आहेत. आगरीत ‘ण’चा ‘न’ आणि ‘ळ’चा ‘ल’ होतो : पाणी – पानी, डोळा – डोला. पडद्यावर ‘डोळा’ असा शब्द आहे, मुलगी तो अचूक ओळखते आणि घरच्या उच्चाराने ‘डोला’ म्हणते. प्रमाण उच्चारांवर घडवलेले यंत्र ही वाचनाची चूक मानण्याचा धोका असतो, वास्तविक तिचे वाचन बरोबर असते. अनुभवी शिक्षक असा शब्द न टोकता पुढे जाऊ देतो आणि ‘ळ’चा सराव वेगळ्या वेळी घेतो. उच्चारातील बोलीभेद आणि वाचनदोष यांची सरमिसळ हा या क्षेत्रातला सर्वांत गंभीर दोष होय, आणि तो दूर व्हायचा तर आगरी, वारली, कातकरी मुलांचे आवाज यंत्राच्या शिकवणीत आले पाहिजेत. केंद्र सरकारच्या ‘भाषिणी’ (२०२२) या उपक्रमात नागरिकांनी आवाज देण्याची सोय आहे, ती भाषेच्या पातळीवर. बोलीपर्यंतची वाट अजून चालायची आहे.

शाळांतील वापर : शहापूर तालुक्यातील पष्टेपाडा येथील जिल्हा परिषद शाळा राज्यातील पहिल्या डिजिटल शाळांपैकी एक म्हणून ओळखली जाते. शिक्षक संदीप गुंड यांच्या पुढाकाराने तिथे पाटी-दप्तराच्या जोडीला टॅब आले. बालभारतीच्या पाठ्यपुस्तकांवर छापलेले क्यूआर कोड ‘दीक्षा’ (२०१७) या मंचावरील दृक्‌-श्राव्य साहित्याकडे नेतात. पाठातील कविता चालीसह ऐकायला मिळणे हा त्याचा भाषेपुरता ठळक लाभ.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’, नागपूर आकाशवाणीवर ‘शाळेबाहेरची शाळा’ असे कार्यक्रम झाले. ग्रामीण भारतात शाळकरी मुलांच्या घरी स्मार्टफोन असण्याचे प्रमाण २०१८ मध्ये ३६.५ टक्के होते, ते २०२० मध्ये ६१.८ टक्के झाल्याचे ‘असर’ या शिक्षणस्थितीच्या पाहणी-अहवालात दिसते. फोन घरी असणे आणि तो मुलाच्या हाती असणे यांत अंतर आहे : बाप कामावर गेला की फोनही जातो, आणि मुलाचा पाठ रात्री जेवणानंतर.

ठाण्यातील तीन हात नाक्याच्या उड्डाणपुलाखाली २०१६ पासून महापालिका व समर्थ भारत व्यासपीठ ही स्वयंसेवी संस्था यांची सिग्नल शाळा कंटेनरमधून चालते. तिथली मुले बव्हंशी मराठवाड्यातून स्थलांतरित झालेल्या, त्यांतही पारधी कुटुंबांतली. पारधी घरभाषेकडून शाळेच्या मराठीकडे येणाऱ्या मुलाला मराठी आधी भरपूर ऐकावी लागते, हे तत्त्व येथेही लागू पडते.

नवी मुंबई : सिडकोच्या (१९७०) नियोजित शहरात मूळची आगरी-कोळी गावे आणि देशभरातून आलेली कुटुंबे शेजारी नांदतात. महापालिकेच्या शाळा मराठीखेरीज हिंदी, उर्दू, इंग्रजी माध्यमांतूनही चालतात. २०२० च्या कायद्याने राज्यातील सर्व शाळांत मराठी सक्तीची झाल्यावर घरात मराठी न ऐकणाऱ्या मुलांची गरज पुढे आली. त्यांना लिपीची अडचण कमी, कारण हिंदीमुळे देवनागरी ओळखीची असते. अडते ते ‘ळ’वर आणि दुहेरी ‘च’-‘ज’वर. म्हणजे ध्वनिपाठाचा उपयोग येथे साक्षरतेपेक्षा उच्चारासाठी अधिक.

प्रौढ : मुरबाड तालुक्यातील फांगणे येथे ८ मार्च २०१६ रोजी सुरू झालेली आजीबाईंची शाळा पाटी-पेन्सिलीवरच चालते. १५ वर्षांवरील निरक्षरांसाठीच्या ‘उल्लास’ कार्यक्रमात (२०२२–२७) ॲपवरून स्वयंसेवक व शिकणारे यांची नोंदणी होते. राज्यात त्याची पायाभूत परीक्षा १७ मार्च २०२४ रोजी झाली.

दृष्टिबाधितांसाठी ध्वनी हा पूरक नसून मुख्य मार्ग आहे. नवी मुंबई महापालिकेचे वाशी येथील ईटीसी केंद्र अपंग मुलांच्या शिक्षणाचे काम करते. प्रकरण, पान, परिच्छेद असे टप्पे गाठता येणारी ‘डेझी’ ही बोलक्या पुस्तकांची मांडणी १९९६ पासून आंतरराष्ट्रीय स्तरावर विकसित झाली. मराठी पाठ्यपुस्तक या मांडणीत आणताना चित्रे, तक्ते व नकाशे यांचे वर्णन ध्वनिमुद्रणासाठी वाचणाऱ्याला शब्दांत रचून द्यावे लागते.