थंडाईत भांग होती म्हणून सुटतो? थांबा जरा

"मला कोणीतरी गुपचूप पाजली" म्हटलं की केस खल्लास, असं लोक छातीठोकपणे सांगतात. अर्धंच खरंय. नशेत केलेल्या गुन्ह्यातून सूट देणारं आयपीसीचं (जुन्या भारतीय दंड संहितेचं) कलम ८५, जे १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत कलम २३ झालं, त्यात नशा नकळत किंवा मर्जीविरुद्ध दिलेली तर हवीच, पण ती इतकी चढलेली हवी की आपण काय करतोय किंवा ते चूक, बेकायदेशीर आहे हेच कळू नये. म्हणजे होळीला थंडाईत कोणी भांग मिसळली, डोकं हलकं झालं, पण गर्दीतनं जुन्या भांडणातला शेजारी बरोब्बर शोधून त्याच्याच टाळक्यात लोटा घातला तर अवघड आहे बाबा. शिवाय हे सगळं सिद्ध करायचं ओझं आरोपीवर, ते कोणी सांगतच नाही. स्वतःच्या हाताने चार पेग मारलेल्यांनी तर या कलमाकडे बघूच नये.