पोलीस कोठडीचे पंधरा दिवस : पार्श्वभूमी

पोलीस कोठडी एकूण पंधरा दिवसांची, हा आकडा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही कायम आहे. १ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी लागू झालेल्या या संहितेने बदलला तो हे पंधरा दिवस वापरण्याचा काळ. पूर्वी ते पहिल्या रिमांडपासून, म्हणजे दंडाधिकाऱ्यांनी आरोपीला कोठडीत पाठवल्याच्या पहिल्या आदेशापासून, सलग मोजले जात. आता कलम १८७ नुसार ते एकदम किंवा तुकड्यातुकड्याने घेता येतात: साठ दिवसांच्या तपासमुदतीत पहिल्या चाळीस दिवसांत आणि गंभीर गुन्ह्यांच्या नव्वद दिवसांच्या मुदतीत पहिल्या साठ दिवसांत कधीही. फौजदारी गुन्ह्यात अडकलेल्या माणसाला आणि त्याच्या घरच्यांना पहिल्या दोन महिन्यांत ज्या गोष्टीची सर्वाधिक धास्ती असते, ती या एका वाक्याने बदलली आहे. त्यामागे तीन दशकांचा वाद आहे.

मूळ भीती कबुलीजबाबाची होती. १८५५ मध्ये मद्रास इलाख्यातल्या छळाच्या तक्रारींची चौकशी झाली. वसुलीसाठी आणि गुन्हा कबूल करून घेण्यासाठी मारहाण होते, हे त्या अहवालात कागदावर आले. १८६१ च्या पहिल्या फौजदारी प्रक्रिया संहितेत पोलिसांसमोरचा कबुलीजबाब पुराव्यातून बाद झाला. १८७२ च्या पुरावा कायद्यात तीच तरतूद कलम २५ आणि २६ म्हणून बसली. मात्र शेजारच्या कलम २७ ने एक खिडकी उघडी ठेवली: आरोपीने सांगितल्यावरून एखादी वस्तू सापडली, तर त्या शोधाशी संबंधित तेवढे निवेदन पुराव्यात येते. ‘हत्यार काढून देतो’ हे पंचनाम्यातले वाक्य तिथूनच आले. पोलिसांना आरोपी तुरुंगात नको, आपल्याच ताब्यात हवा असतो, त्याचे मोठे कारण ही खिडकी आहे.

१८९८ च्या संहितेत पोलिसांचा तपास पंधरा दिवसांत आटोपेल असे गृहीत होते. प्रत्यक्षात तो आटोपत नसे. मग अर्धवट दोषारोपपत्र दाखल करायचे आणि खटला तहकूब करण्याच्या कलम ३४४ चा आधार घेऊन आरोपीला महिनोन्‌महिने आत ठेवायचे, अशी पद्धत पडली. १९६९ च्या कायदासुधारणेच्या अहवालाने या पळवाटेवर बोट ठेवून साठ दिवसांची मर्यादा सुचवली. १९७३ च्या संहितेत ती आली. १९७८ च्या दुरुस्तीने गंभीर गुन्ह्यांसाठी ती नव्वद केली. मुदतीत दोषारोपपत्र आले नाही तर आरोपीला जामिनाचा हक्क मिळतो. कोर्टात सगळे त्याला ‘डिफॉल्ट बेल’ म्हणतात.

म्हणजे कोठडीचे दोन प्रकार झाले. पहिली पोलीस कोठडी, म्हणजे बोलीभाषेतला पीसीआर. दुसरी न्यायालयीन कोठडी, म्हणजे एमसीआर, जिथे आरोपी तुरुंगात असतो आणि तपासी अंमलदाराचा हात त्याच्यापर्यंत सहज पोचत नाही. पहिल्या प्रकाराला पंधरा दिवस आणि दोन्ही मिळून साठ किंवा नव्वद. प्रश्न एकच उरला: हे पंधरा दिवस साठात कुठेही बसवता येतात, की सुरुवातीलाच संपतात?

मे १९९२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याचे उत्तर दिले. पहिल्यांदा दंडाधिकाऱ्यांसमोर हजर केल्यापासून पंधरा दिवस, तेवढेच. त्या काळात पोलीस कोठडी आणि न्यायालयीन कोठडी आलटून पालटून देता येईल. सोळाव्या दिवशी मात्र त्या गुन्ह्यात पोलिसांचे दार बंद. एकच अपवाद होता: त्याच आरोपीचा संबंध वेगळ्या घटनेतल्या वेगळ्या गुन्ह्याशी आढळला, तर त्या गुन्ह्यात नव्याने अटक आणि नव्याने कोठडी. तुरुंगातून आरोपीचा ताबा घेऊन दुसऱ्या गुन्ह्यात अटक दाखवण्याची पद्धत या अपवादाच्या आधाराने चालते. ज्याच्यावर एकाहून अधिक गुन्हे आहेत त्याच्या दृष्टीने पंधराची भिंत तेव्हाही फारशी भक्कम नव्हती.

तरीही ती भिंत होती. तिचा उपयोग काय, हे सोळाव्या दिवशी आरोपीला भेटणाऱ्या वकिलाला विचारावे. तोवर दबकून बोलणारा माणूस त्या दिवसापासून काय घडले ते सांगू लागतो, कारण परत त्याच खोलीत जायचे नाही याची त्याला खात्री असते. पोलीस ठाण्यात मारहाण झाल्याची तक्रार दंडाधिकाऱ्यांपुढे करायची, तर ही खात्री लागते. या नियमाचे खरे मोल इथे होते, असे मला वाटते. तपासाच्या सोयीची चर्चा करताना ते हिशोबातच धरले जात नाही.

पोलिसांची बाजूही खोटी नव्हती. कोठडी मिळाली की आरोपीच्या छातीत दुखायचे, मग रुग्णालय, आणि पंधरा दिवस खाटेवर संपायचे. एप्रिल २०२३ मध्ये असेच प्रकरण सर्वोच्च न्यायालयासमोर आले. सात दिवसांची कोठडी मंजूर होती, पण आरोपी रुग्णालयात दाखल झाल्याने चौकशी जेमतेम अडीच दिवस झाली होती. न्यायालयाने उरलेल्या चार दिवसांची कोठडी दिली आणि १९९२ चा निकाल पुन्हा तपासावा लागेल असे म्हटले. ७ ऑगस्ट २०२३ ला दुसऱ्या एका निकालात, आर्थिक गुन्ह्याच्या प्रकरणात, पंधरा दिवस संपूर्ण तपासकाळात विभागता येतील असे मत आले आणि प्रश्न मोठ्या पीठाकडे सोपवला गेला.

चारच दिवसांनी, ११ ऑगस्टला, नव्या संहितेचे विधेयक लोकसभेत मांडले गेले आणि त्यात चाळीस-साठचे वाक्य होते. विधेयक तपासणाऱ्या संसदीय समितीने गैरवापराची शक्यता नोंदवून हे कलम अधिक स्पष्ट करायला सांगितले. डिसेंबरमध्ये विधेयक मागे घेऊन नव्याने आणले गेले, पण हे वाक्य राहिले. एकूण मर्यादा पंधराच आहे, हे सरकारचे स्पष्टीकरण आकड्यापुरते बरोबर आहे. ज्याला कधीही परत नेता येते त्याच्यावरचा दबाव मात्र एकूण दिवसांवरून मोजता येत नाही.

रोजच्या कामात याचा अर्थ काय, ते रिमांड रिपोर्टच्या शेवटच्या परिच्छेदात दिसते. कारणांची यादी ओळखीची असते: गुन्ह्यात वापरलेले वाहन जप्त करायचे आहे, फरार साथीदारांचा शोध घ्यायचा आहे, आणखी कोणाचा सहभाग आहे काय याचा तपास करायचा आहे. पोलीस कोठडी नको असेल तेव्हा ‘पोलीस कोठडीचा हक्क अबाधित राखून न्यायालयीन कोठडी मिळावी’ असे लिहिलेले असते. हे वाक्य पूर्वीही लिहीत, पण त्याचा जीव पंधराव्या दिवसापर्यंतच होता. आता पाच दिवस वापरले असतील तर उरलेले दहा बाविसाव्या किंवा तिसाव्या दिवशीही मागता येतात. म्हणून प्रत्येक रिमांडच्या आदेशाची प्रत घेऊन कोठडीचे किती दिवस खर्च झाले याचा हिशोब घरच्यांनी आणि वकिलाने स्वतः ठेवावा. तो कोणी आपणहून सांगत नाही.

डिफॉल्ट जामिनाचा हिशोबही स्वतःच ठेवायचा. हा हक्क आपोआप हातात पडत नाही. अर्ज करावा लागतो, तोही दोषारोपपत्र येण्याआधी आणि जामीन देण्याच्या तयारीसह, असे २००१ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात ठरले. पहिल्या रिमांडचा दिवस मोजायचा की नाही, यावर निकाल उलटसुलट होते. मार्च २०२३ मध्ये तो दिवस धरायचा असे निश्चित झाले. एका दिवसाच्या या फरकावर माणसे महिनोन्‌महिने आत किंवा बाहेर राहिली आहेत. २०२० मध्ये करोनाकाळात इतर मुदती वाढवल्या गेल्या, तेव्हाही तपासाच्या या मुदतीला ती सवलत मिळाली नाही. मोक्का (महाराष्ट्राचा संघटित गुन्हेगारीविरोधी कायदा) किंवा यूएपीए (बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायदा) लागले की मात्र सगळे गणित वेगळे होते: पोलीस कोठडी तीस दिवसांपर्यंत, आणि दोषारोपपत्राची मुदत न्यायालयाच्या परवानगीने एकशे ऐंशी दिवसांपर्यंत.

अटकेच्या क्षणाचे हक्क मात्र याच काळात बळकट झाले. चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यांसमोर हजर करणे, अटकेची कारणे सांगणे, वकिलाचा सल्ला घेऊ देणे, हे राज्यघटनेच्या अनुच्छेद २२ मध्ये पहिल्यापासून होते. पण ‘कारणे सांगितली’ एवढ्या एका ओळीवर निभावत असे. २०२३ मध्ये आर्थिक गुन्ह्यांत आणि २०२४ मध्ये यूएपीएत कारणे लेखी द्यावीत असे निकाल आले. नोव्हेंबर २०२५ मध्ये, पुन्हा महाराष्ट्रातल्याच प्रकरणात, हा नियम सर्व गुन्ह्यांना लागू झाला: कारणे लेखी, आरोपीला समजणाऱ्या भाषेत, आणि लगेच देणे शक्य नसेल तर रिमांडसाठी हजर करण्याच्या किमान दोन तास आधी. तसे झाले नाही तर अटक आणि रिमांड दोन्ही बेकायदा ठरतात. मात्र कारणे दिल्यावर नव्याने रिमांड मागता येते.

राहिला जामीन. कोठडीचे दिवस शिल्लक आहेत म्हणून जामीन देऊ नका, असा युक्तिवाद सरकारी पक्षाकडून होणार हे उघड होते. संहितेच्या कलम ४८० ने त्यासाठी एक परंतुक, म्हणजे कलमाला जोडलेली अट, घातले आहे: पहिल्या पंधरा दिवसांनंतर पोलीस कोठडी लागू शकते, एवढ्याच कारणावरून जामिनास एरवी पात्र असलेल्या आरोपीचा जामीन नाकारता येणार नाही. जामीन अर्जात हे परंतुक वेगळ्या मुद्द्याने, कलमासकट लिहावे.