विष चिकटलं की मोडलं?

धान्यावरच्या बुरशीचं विष असलेलं अफ्लाटॉक्सिन मिसळलेल्या द्रावणात जिवाणू सोडले, काही तासांनी वरचं पाणी तपासलं आणि विष ऐंशी टक्क्यांनी उतरलेलं दिसलं. ‘जिवाणूंनी विष मोडलं’ असा निष्कर्ष इथे हमखास काढला जातो. पण पाण्यातून विष कमी झालं, एवढंच इथे सिद्ध झालेलं असतं. ते पेशीला नुसतं चिकटलेलं असू शकतं, आणि चिकटलेलं विष सुटतंही.

लॅक्टिक आम्ल तयार करणारे जिवाणू, उदाहरणार्थ लॅक्टोबॅसिलस ऱ्हॅम्नोससचे काही वाण, अफ्लाटॉक्सिन बी१ पेशीभित्तिकेवर धरून ठेवतात. यासाठी पेशी जिवंत असावी लागत नाही. उकळून मारलेल्या पेशी तेच काम तितकंच, बऱ्याचदा जास्तच करतात. पकड काही मिनिटांत बसते. मात्र संख्या प्रचंड लागते, मिलिलिटरमागे अब्जावधी पेशी. पुन्हापुन्हा धुतलं की विष थोडंथोडं सुटत जातं.

मोडणं म्हणजे एन्झाइमने रेणूच बदलणं. फ्युजेरियम बुरशीच्या डीऑक्सिनिव्हॅलेनॉल या विषाची (बोलीत ‘डॉन’) ताकद मुख्यतः त्याच्या इपॉक्साइड कडीत असते. गाईच्या रूमेनमधून (पोटाच्या पहिल्या कप्प्यातून) वेगळा केलेला बीबीएसएच ७९७ हा जिवाणू ती कडी उघडून डीओएम-१ हा कमी विषारी पदार्थ बनवतो. त्याला ऑक्सिजन चालत नाही. उलट, मातीतला डेव्होसिया ऑक्सिजन असताना त्याच डॉनच्या तिसऱ्या कार्बनवरचा गट उलटवतो. फ्युमोनिसिन या आणखी एका बुरशीविषावर स्फिंगोपिक्सिस या जिवाणूमधून मिळालेलं एस्टरेज हे एन्झाइम चालतं, ते रेणूच्या दोन बाजूशाखा तोडतं.

फरक ओळखायला चार नळ्या लावा: जिवंत पेशी, उकळून मारलेल्या पेशी, ०.२२ मायक्रॉनमधून गाळलेला पेशीविरहित द्रव, आणि पेशी न घातलेलं नुसतं विषाचं पाणी. चौथी नळी लोक वगळतात, आणि तिथेच फसतात, कारण अफ्लाटॉक्सिन काचेला आणि प्लास्टिकलाही चिकटतं. मेलेल्या पेशींच्या नळीत जिवंत पेशींइतकीच घट दिसली तर ती चिकटण्याची. गाळलेल्या द्रवातही विष कमी झालं तर एन्झाइम बाहेर सुटत असावं. मग पेशींचा गाळ बफरने तीनदा धुवा, शेवटी मिथेनॉलसारख्या विद्रावकाने काढा. वरचं पाणी, धुतलेलं पाणी आणि गाळ यांतलं विष बेरजेत मूळ मात्रेच्या जवळ आलं, तर काहीच मोडलेलं नाही. बेरीज कमी भरली तरी नव्या रेणूचा शोध एलसी-एमएसवर (रेणू वेगळे करून वस्तुमानावरून ओळखणाऱ्या यंत्रावर) घ्यायलाच हवा. एलायझा किटवर (प्रतिपिंडांवर चालणाऱ्या झटपट चाचणीवर) विसंबू नका: त्यातली प्रतिपिंडं जवळच्या रूपांनाही ओळखतात किंवा ओळखायची सोडतात, म्हणून आकडा दोन्हीकडे चुकू शकतो.

तुटलं म्हणजे निरुपद्रवी झालं, असंही नाही. झिअरॅलेनोन हे बुरशीविष ‘नाहीसं’ होऊन अल्फा-झिअरॅलेनॉल झालं तर इस्ट्रोजेनसारखा परिणाम उलट वाढतो. अल्कलीत उघडलेली अफ्लाटॉक्सिनची लॅक्टोन कडी आम्लात पुन्हा मिटू शकते, म्हणजे जठरातच धोका परत. त्यामुळे तयार झालेल्या पदार्थाची विषारीपणाची चाचणी वेगळी करावीच लागते.

निवड विषावर ठरते. अफ्लाटॉक्सिनचा रेणू सपाट असतो, बेंटोनाइट या चिकणमातीच्या थरांत बसतो. म्हणून खाद्यात मिसळलेले असे टॉक्सिन बाइंडर (विष धरून ठेवणारे पदार्थ) त्याच्यावर चांगले चालतात. डॉनवर मात्र ही माती जवळजवळ निष्प्रभ ठरते. सक्रिय कोळसा त्याला बऱ्यापैकी धरतो, पण सोबत पोषकद्रव्यंही ओढतो. डॉनसाठी मोडणारा जिवाणूच हवा.

आता जागेचा प्रश्न. साठवणीतलं धान्य १३–१४ टक्के ओलाव्याचं असतं; तिथे जिवाणूला वावरायला मोकळं पाणीच नसतं. ओलावा वाढवला तर जिवाणूच्या आधी बुरशी फोफावते. म्हणून मोडण्याचं काम भिजवलेल्या खाद्यात, मुरघासात किंवा जनावराच्या आतड्यात होतं. बाइंडरचं कामही पचनमार्गातच चालतं, पण त्याला पेलेटिंगची (खाद्य दाबून गोळ्या करण्याची) उष्णता बाधत नाही. जिवंत जिवाणू आणि एन्झाइमला ती बाधू शकते, त्यामुळे ते पेलेटनंतर फवारायचे की आधी मिसळायचे, हे उत्पादनाच्या उष्णता-सहनशीलतेवरून ठरवा. एन्झाइम जठराच्या आम्लातून तगतं का, हेही विचारून घ्या.