शिस्त वागण्याला असते, ताबा मनावर असतो

संध्याकाळी सातला घरी यायचं असं ठरलेलं आहे, आणि अकरा वर्षांची मुलगी साडेसातला येते. दोन घरं डोळ्यांसमोर आणू.

पहिल्या घरात आई दारातच म्हणते, "सातला यायचं ठरलं होतं ना? उद्या खेळायला जायचं नाही." मुलगी पाय आपटते, रडते, "बाकीच्यांना कुणी काही बोलत नाही" म्हणते. आईचाही आवाज चढतो. तासाभरानं दोघी जेवायला बसतात आणि वरणभात कालवता कालवता मुलगी खेळात कोण चिडलं, कोण रडीचा डाव खेळलं ते सांगायला लागते.

दुसऱ्या घरात आरडाओरडा नाही. आई दार उघडते आणि काही न बोलता आत जाते. ताट वाढते, पण समोर बसत नाही. मुलगी "आई, सॉरी" म्हणाली की उत्तर येतं, "मला कशाला सॉरी? तुला मैत्रिणी आहेत ना! माझं बीपी वाढलं काय नि मी मेले काय, कुणाला फरक पडतो?" दुसऱ्या दिवशी मुलगी खेळायला जातच नाही. तिला कुणी बंदी घातलेली नसते.

शेजारी विचारलं तर पहिली आई कडक आणि दुसरी बिचारी सोशीक. दुसऱ्या घरातले सांगतातही, "आम्ही पोरीवर कधी हात उगारला नाही, आवाजसुद्धा चढवला नाही." ते खरंच असतं. तरीही मला जास्त काळजी वाटते ती दुसऱ्या मुलीची.

ही दोन घरं मानसशास्त्रानं वेगळी काढली त्यालाही बरीच वर्षं झाली. अर्ल शेफर यांनी १९६५ मध्ये मुलांना आपल्या आईवडिलांबद्दल काय वाटतं हे विचारणारी प्रश्नावली तयार केली. पालक मुलाला किती ठामपणे आवर घालतात ही एक गोष्ट, आणि त्याच्या मनावर किती कब्जा ठेवतात ही दुसरी, हे तिथं वेगळं दिसलं. पुढे १९९६ मध्ये ब्रायन बार्बर यांनी हा मागे पडलेला विषय पुन्हा पुढे आणला. एक नियंत्रण मुलाच्या वागण्यावरचं: कधी यायचं, कुठे जायचं, काय चालणार नाही. दुसरं त्याच्या मनावरचं: काय वाटायला हवं, काय वाटता कामा नये, आणि तसं नाही वाटलं तर प्रेम आटणार. पहिल्याला मी शिस्त म्हणते, दुसऱ्याला ताबा.

बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात, कारण दोन्हीकडे मूल शेवटी ऐकतं. आत मात्र वेगळं घडत असतं. शिस्तीत मुलाला कळतं की आपलं अमुक एक वागणं चुकलं. ताब्यात त्याला कळतं की आपणच चुकीचे आहोत. बार्बर यांच्या आणि नंतरच्या अनेक अभ्यासांत साधारण असं दिसलं, की ज्या घरांत वागण्याला आवर नसतो तिथल्या मुलांमध्ये भांडणं, नियम मोडणं, वाईट संगत असे बाहेर दिसणारे त्रास जास्त असतात. आणि जिथं मनावर ताबा असतो तिथं उदासी, चिंता, स्वतःविषयीचा अविश्वास असे आतले त्रास जास्त असतात. यातून थेट कारण आणि परिणाम असा निकाल काढू नये. मुळात हळव्या किंवा हट्टी मुलाशी वागताना पालकही बदलतात. ओढ दोन्ही बाजूंनी असते. पण आतल्या त्रासाची एक अडचण आहे. तो तक्रार करत नाही. शाळेतून फोन येत नाही. उलट "किती समंजस आहे हो तुमची मुलगी" असं कौतुक होतं.

आता मारहाणीबद्दल. तिला मी शिस्तीत धरत नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचं १७ वं कलम शाळेत शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींना एकाच वाक्यात मनाई करतं. कायद्याला दिसलेली ही जोडी घरात आपल्याला दिसायला वेळ लागतो. छडी गेली म्हणजे जाच गेला असं आपण धरून चालतो.

माझ्या लहानपणी आमच्या घरी छडी नव्हती. अबोला होता. आठवीत मी गणिताचा पेपर लपवला, बाबांना तो कपाटात सापडला. ते रागावले नाहीत. तीन दिवस ते माझ्याशी आईमार्फत बोलले. मी समोर उभी असताना, "तिला म्हणावं, जेवायला बस." मी केलेला चहा ओट्यावरच गार व्हायचा आणि त्यावर साय धरायची. त्या सायीकडे बघत मी उभी राहायचे, ते मला आजही आठवतं. गणिताचं काय चुकलं होतं ते त्या तीन दिवसांत कुणी विचारलं नाही. पुढे मी पेपर लपवले नाहीत, पण बाबांना काही सांगितलंही नाही. शिकायला काय घ्यावं, कुठल्या गावी जावं, सगळं त्यांच्या चेहऱ्याकडे बघून ठरवलं. ते वाईट नव्हते. त्यांच्या वडिलांचा अबोला आठवडा आठवडा चालायचा, असं आत्या सांगायची.

म्हणून अवी असोर, गाय रॉथ आणि एडवर्ड डेसी यांचा २००४ चा अभ्यास वाचताना मी थांबले. अपेक्षा पुरी केली तर माया आणि नाही केली तर माया कमी, अशा अटीच्या प्रेमाचा तो अभ्यास आहे. अशा घरातली मुलं सांगितलेलं करतात, पण ओढून आणल्यासारखं. यश मिळालं तरी समाधान अल्पकाळ टिकतं, आणि आईवडिलांविषयी मनात राग साठतो. त्यातलं मला सर्वांत लागलेलं निरीक्षण असं, की ज्या आयांनी लहानपणी हे सोसलं होतं, त्यांच्याही हातून आपल्या मुलींशी तेच होत होतं. माझा मुलगा चार वर्षांचा असताना मी एकदा "जा, मी नाही बोलत तुझ्याशी" म्हणून पाठ फिरवली होती. त्यानं आपल्या डब्यातलं बिस्किट आणून माझ्या मुठीत कोंबलं. मग दुसरं. मग तिसरं. तिसऱ्या बिस्किटाला मला बाबांचा चहा आठवला.

पण प्रत्येक गप्प बसणं म्हणजे ताबा नव्हे. "मला आत्ता खूप राग आलाय, दहा मिनिटांनी बोलू" हे गप्प बसणं वेगळं, कारण त्याला शेवट आहे आणि तो मुलाला माहीत आहे. अबोल्याला शेवट नसतो. तो मुलानं मनधरणी करून विकत घ्यायचा असतो. तसंच भावना सांगण्याचं. "तू आली नाहीस तेव्हा मी दोनदा गेटपर्यंत जाऊन आले, घाबरले होते" हे मुलीला कळायलाच हवं. "तुझ्यामुळे माझं बीपी वाढतं" यात आईच्या तब्येतीचं ओझं अकरा वर्षांच्या खांद्यावर जातं. "तुझ्यासाठी आम्ही काय काय खस्ता खाल्ल्या" हेही त्यातलंच. खस्ता खऱ्या असतात, पण भांडणात काढल्या की त्यांचं कर्ज होतं.

आणि ओळख घडते कशी, हा प्रश्न इथंच येतो. एरिक एरिक्सन यांनी पौगंडावस्थेचं मुख्य काम म्हणजे 'मी कोण' याचा शोध, असं मांडलं. जेम्स मार्शिया यांनी १९६६ मध्ये कॉलेजच्या मुलांना पुढे काय करणार, कशावर विश्वास आहे, असं विचारत चार अवस्था वेगळ्या केल्या. त्यातल्या दोन बाहेरून हुबेहूब दिसतात. एका मुलानं चाचपडून, वाद घालून, कधी वाट बदलून काहीतरी ठरवलेलं असतं. दुसऱ्यानंही ठामपणे ठरवलेलं असतं, पण शोधलेलं काहीच नसतं. आईवडिलांचा निर्णय त्यानं उचलून अंगावर घातलेला असतो. दोघंही म्हणतात, "मी सीए होणार." फरक हॉटेलात कळतो. तुला काय मागवायचं, असं विचारलं की एक मेन्यूकार्ड बघतो, दुसरा आईकडे.

वडिलांचा धंदा, घरची शेती, घरातलं गाणं मनापासून पुढे नेणारी मुलं असतात, त्यांना यात ओढू नये. प्रश्न वाट कुणाची हा नाही. नाही म्हणायची मुभा होती का, एवढाच आहे.

दुसऱ्या टोकाची गल्लतही मी आजूबाजूला बघते. मनाला धक्का लागेल या भीतीनं नियमच नकोत, झोपायची वेळ नको, 'नाही' हा शब्द नको. डायना बॉमरिंड यांनी १९६० च्या दशकात बर्कलीत बालवाडीतली मुलं आणि त्यांचे पालक पाहिले, त्यात सगळ्यांत स्वावलंबी मुलं ज्या घरांतली होती तिथं नियम कमी नव्हते. मागणी भरपूर, मायाही भरपूर, आणि नियमामागचं कारण सांगायची तयारी.

मग कुठे आवर घालायचा आणि कुठे हात आखडायचा? ज्युडिथ स्मेटाना यांच्या कामाचा मला इथं रोज उपयोग होतो. त्यांना असं दिसलं की मुलं आईवडिलांचा अधिकार सरसकट नाकारत नाहीत. खोटं बोलू नको, कुणाला मारू नको, जिवाला धोका होईल असं करू नको, यात तो अधिकार त्यांना बऱ्याच अंशी मान्य असतो. केस, कपडे, मैत्री, डायरी यात नसतो. हेल्मेटवर मी तडजोड करत नाही. केसांवर बोलायचं मी सोडलं.

खरी ओढाताण मोबाइलवर होते, कारण तो दोन्हीकडे आहे. रात्री दहानंतर फोन हॉलमध्ये, ही शिस्त. मुलाचे मित्रांबरोबरचे मेसेज गुपचूप वाचणं म्हणजे ताब्याची सुरुवात. काळजीपोटी वाचावंसं वाटतं, मलाही वाटलंय. पण हाकन स्टॅटिन आणि मार्गारेट केर यांनी स्वीडनमधल्या १४ वर्षांच्या मुलांवरच्या २००० च्या अभ्यासात दाखवलं, की पालकांना मुलांबद्दल जे ठाऊक असतं ते पहारा ठेवून नव्हे, तर मुख्यतः मूल आपणहून सांगतं म्हणून. बाबांना माझ्याविषयी इतकं कमी का माहीत होतं, याचं उत्तर मला तिथं मिळालं.

परवा मुलगा, आता तेरा वर्षांचा, न सांगता सायकल घेऊन हायवेपर्यंत जाऊन आला. मी बोलले, चांगलंच बोलले, आणि मग भाजी चिरायला लागले. तो दारात उभा राहून म्हणाला, "तू रागावलीयेस, की बोलत नाहीयेस?"

"रागावलेय," मी म्हटलं.

"मग ठीक आहे," असं म्हणून तो शेजारी बसला आणि शेंगा सोलता सोलता हायवेवर काय काय दिसलं ते सांगायला लागला. सायकल पुढचे चार दिवस कुलपातच होती.