पिंजऱ्यातला दमटपणा: फवारा कधी मारायचा आणि कधी हात आवरायचा

शॅमेलिऑनसाठी, म्हणजे रंग बदलणाऱ्या सरड्यासाठी, आमच्याकडून जाळीचा पिंजरा किंवा फवारणीचा संच नेणाऱ्या प्रत्येकाला आम्ही हे पत्रक देतो. आम्हाला येणारे बहुतेक फोन एकाच गोष्टीचे असतात: "दादा, दमटपणाचं मीटर पंचेचाळीस टक्के दाखवतंय, फवारू का?"

दिवसाची वेळ असेल तर नका फवारू. पंचेचाळीस छान आहे.

इथलं सगळं येमेनी शॅमेलिऑनसाठी आहे, म्हणजे डोक्यावर उंच तुरा असलेल्या 'व्हेल्ड'साठी. आमच्या बहुतेक ग्राहकांकडे तोच असतो. मूळचा तो येमेन आणि सौदी अरेबियाच्या नैऋत्य डोंगराळ भागातला. तिथे दिवसा ऊन आणि कोरडी हवा, रात्री गारवा, धुकं, पहाटे पानांवर दव. शरीरातला ओलावा तो रात्री सांभाळतो आणि दिवसा अंग सुकवतो. म्हणून पिंजऱ्यात दिवसा ३० ते ५० टक्के आणि रात्री ८० किंवा त्याहून जास्त असं धरून चाला. चोवीस तास ७० ठेवलं की काम झालं, हा समज सोडून द्या.

आता मीटरवरच्या आकड्याबद्दल. हवेत पाणी किती, हे तो आकडा सांगत नाही. त्या तापमानाला हवा जेवढी वाफ धरू शकते, त्यातली किती भरलीय ते सांगतो. पहाटे २० अंशाला ९० टक्के असलेली हवा दिव्याखाली ३० अंशांवर गेली की आकडा ५०च्या आसपास येतो. पाणी तेवढंच, एक थेंबही कमी झालेला नाही. आकडा उतरला म्हणून घाबरून फवारणारे इथेच फसतात.

मीटर कुठे लावता, यावरही बरंच अवलंबून आहे. दिव्याखाली नको, नोझलसमोर नको. पिंजऱ्याच्या मध्यावर, पानांच्या सावलीत लावा. पूर्वी आम्ही काट्याची मीटरं द्यायचो. एकाच खोक्यातल्या दोन मीटरांत वीस टक्क्यांचा फरक दिसला, त्या दिवसापासून ती बंद केली. आता डिजिटल देतो, पण तेही घरी एकदा तपासा. बाटलीच्या झाकणात चमचाभर मीठ घ्या, त्यात चार-सहा थेंब पाणी टाकून चिखलासारखं ओलं करा, आणि झाकण व मीटर एका झिपच्या पिशवीत रात्रभर बंद ठेवा. सकाळी ७५ दिसायला हवं. ७० दिसलं तर तुमचं मीटर पाच कमी दाखवतं. मागच्या बाजूला स्केचपेनने लिहून ठेवा.

तुमच्या गावाप्रमाणे

मुंबई, कोकण, गोवा: पावसाळ्यात बाहेरची हवाच ८०-९०वर असते. तिथे सुकवणं हेच काम. सकाळी दिवे लागण्याआधी दोन मिनिटं फवारा, दिवे बंद केल्यावर दोन मिनिटं, बस्स. दुपारपर्यंत पानं आणि फांद्या कोरड्या झाल्या नाहीत, तर सकाळची फवारणी अर्धी करा आणि खोलीतला पंखा हळू चालू ठेवा, झोत मात्र पिंजऱ्यावर नको. फॉगर, म्हणजे धुकं सोडणारं यंत्र, घेऊच नका. रात्री २६-२७ अंश उकाडा, त्यात धूर सोडल्यासारखं धुकं, म्हणजे फुप्फुसाच्या संसर्गाला आमंत्रण. फॉगर आम्हीच विकतो, तरी सांगतोय. एसीत झोपत असाल आणि खोली खरंच वीस अंशांपर्यंत उतरत असेल, तर गोष्ट वेगळी: एसी हवा कोरडी करतो, तेव्हा फॉगर उपयोगी पडतो.

पुणे, नाशिक: डिसेंबर-जानेवारीच्या रात्री या जनावराला अगदी मानवतात. तेव्हा मध्यरात्रीपासून पहाटेपर्यंत फॉगर, अर्धा तास चालू, अर्धा तास बंद. खोली २० अंशांच्या वर असेल तर टायमर बंद.

नागपूर, अकोला: मे महिन्यात दमटपणा वीसच्याही खाली जातो. मागची आणि एक बाजूची जाळी पारदर्शक प्लास्टिक शीटने झाका, समोरची आणि वरची उघडी राहू द्या. कुंडीतली झाडं वाढवा. मनीप्लँट आणि जास्वंद चालतात, जास्वंदीची पानं तो खाईलही. कूलर त्याच खोलीत असेल तर खिडकी उघडी ठेवा, नाहीतर संध्याकाळपर्यंत खोलीचं न्हाणीघर होतं.

पाणी

वाटीतलं साचलेलं पाणी तो सहसा ओळखत नाही, पानावरून ओघळणारा थेंब ओळखतो. दुपारी अर्धा तास ड्रिपर (थेंब थेंब पाणी सोडणारी नळी) लावा, तेवढं पुरे. पाणी मिळतंय की नाही, हे विष्ठेतल्या पांढऱ्या भागावरून कळतं. तो पांढराच असेल तर ठीक. बराचसा पिवळा-नारिंगी दिसला, डोळे आत गेले, तर पाणी कमी पडतंय.

बोअरचं पाणी टाकीत भरू नका. क्षार बसून नोझल तुंबतं, आणि तुंबलेलं नोझल आम्ही वॉरंटीत धरत नाही. आरओचं पाणी घाला, टाकी आठवड्याला घासा. तुंबलंच तर व्हिनेगरमध्ये तासभर भिजवून धुवा. खालचा ट्रे रोज रिकामा करा. डेंग्यूचे डास फार जागा मागत नाहीत.

डॉक्टरकडे कधी

दिव्यापासून लांब बसूनही तोंड उघडं, नाका-तोंडापाशी बुडबुडे, श्वासाला टकटक आवाज, मान वर ताणलेली: यातलं एकही दिसलं तर फवारणी कमी-जास्त करत बसू नका. सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करणारे पशुवैद्य गाठा. जाताना मीटरचे सकाळ, दुपार आणि रात्रीचे फोटो न्या, शिवाय पूर्ण पिंजऱ्याचा एक.

जाता जाता: रानात सापडलेला घोयरा, म्हणजे आपल्याकडचा शॅमेलिऑन, या पिंजऱ्यात ठेवायचा नाही. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे तो गुन्हा आहे. येमेनी शॅमेलिऑनचीही केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या 'परिवेश' पोर्टलवर नोंदणी लागते. कागद दाखवले नाहीत तर आम्ही पिंजरा देत नाही, आणि यावर घासाघीस चालत नाही.