अळीला सवय होत नाही

नोव्हेंबर महिना होता. पारोळ्याच्या बाजूला आमची थोडी कोरडवाहू जमीन आहे, तिथं काकांबरोबर कपाशीत उभा होतो. एक हिरवं, घट्ट बोंड तोडलं. वरून अगदी निरोगी, ना डाग ना छिद्र. नखानं उकललं, तर ओलसर रुईत जेमतेम सेंटिमीटरभर लांबीची गुलाबी अळी. दोन सरक्या एकमेकींना चिकटवून त्यांच्या पोटात मुक्काम ठोकलेली. काका शांतपणे म्हणाले, "अयीले आते बीटीनी सवय पडी गयी."

म्हणजे अळीला आता बीटीची, कपाशीत घातलेल्या अळीमारक जिवाणूच्या जनुकाची, सवय पडली. हे वाक्य खान्देशात बांधाबांधावर ऐकू येतं. काकांचं निरीक्षण खरं आहे. पूर्वी मरायची ती अळी आता मरत नाही. पण कारण सवयीचं नाही. नेमकं कारण कळलं तर पुढच्या हंगामात काय करायचं तेही कळतं, म्हणून ते नीट सांगावंसं वाटतं. त्यासाठी मुळापासून, म्हणजे अणू एकमेकांना कसे धरून ठेवतात तिथून सुरुवात करावी लागेल.

दोन भावांची सामाईक विहीर असते. पाणी दोघांचं, म्हणून दोघंही ती सोडून जाऊ शकत नाहीत. कार्बन, हायड्रोजन, ऑक्सिजन हे अणू इलेक्ट्रॉनांची अशीच सामाईक मालकी ठेवतात. हा सहसंयुज बंध, आणि तो भक्कम असतो. दोन रेणूंमधल्या ओढीनं जुळणारा हायड्रोजन बंध त्यामानानं अगदी कच्चा. गवताच्या एका काडीला जोर नसतो, पण काड्या वळून दोर केला की त्याला बैल बांधता येतो. तसा हा बंध एकटा क्षीण आणि हजारोंनी एकत्र आला की चिवट.

रुईचा एक तंतू दिव्याजवळ धरून पाहा. तीन सेंटिमीटरपर्यंत लांब असलेला हा धागा म्हणजे एकच पेशी. सरकीच्या सालीवरची एक पेशी फूल उमलल्यापासून दोन-तीन आठवडे लांबत जाते आणि मग आतून सेल्युलोजचे थर लावत जाते. सेल्युलोज म्हणजे ग्लुकोजचे हजारो रेणू सहसंयुज बंधांनी ओवलेली माळ. अशा शेकडो माळा शेजारी शेजारी हायड्रोजन बंधांनी आवळल्या जातात, म्हणून सूत तुटत नाही. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा पंचेचाळिशीला टेकतो तेव्हा डोक्याला ओला रुमाल बांधतात, त्यामागेही हेच बंध आहेत. पाण्याचे रेणू एकमेकांना आणि सेल्युलोजला धरून असतात. ते सुटे होऊन वाफ व्हायला एका ग्रॅममागं सुमारे ५८० कॅलरी उष्णता लागते, आणि त्यातली बरीचशी डोक्यातून ओढली जाते.

मला सगळ्यात नवल वाटतं ते भाकरीचं. ज्वारीतला स्टार्च हाही ग्लुकोजचीच माळ. घटक तोच, फक्त दोन ग्लुकोजना जोडणाऱ्या बंधाची दिशा वेगळी. तेवढ्या फरकानं एक माळ आपल्या पोटात पचते आणि दुसरी पचत नाही. भाकरी खाऊन आपण दिवसभर राबतो, पण रुई खाऊन उपाशीच मरू. स्टार्चचा बंध तोडणारं विकर (एन्झाइम) आपल्याकडे आहे, सेल्युलोजचा तोडणारं नाही. गाईकडेही ते नाही. तिच्या पोटातल्या सूक्ष्मजीवांकडे आहे, म्हणून कडबा तिला चालतो. जीवशास्त्रात बंधाइतकाच त्याचा आकार महत्त्वाचा, हे इथं कळतं. आकार जुळला तर काम होतं.

बीटीची सगळी करामत या आकारावरच उभी आहे. बॅसिलस थुरिन्जिएन्सिस हा मातीतला एक जिवाणू. १९०१ साली जपानमध्ये शिगेताने इशिवाता यांना तो मेलेल्या रेशीमकिड्यांत सापडला. १९११ मध्ये जर्मनीतल्या थुरिन्गिया प्रांतात एर्न्स्ट बर्लिनर यांना तो पिठातल्या पतंगाच्या अळीत भेटला आणि पुढं त्या प्रांताचंच नाव त्याला मिळालं. हा जिवाणू एका प्रथिनाचे स्फटिक बनवतो. अळीच्या आतड्यातला रस अल्कधर्मी असतो. त्यात स्फटिक विरघळतो, तिथली विकरं प्रथिनाचा अनावश्यक भाग छाटतात आणि उरलेला तुकडा आतड्याच्या पेशीवरच्या कॅडेरिन नावाच्या प्रथिनाला जाऊन चिकटतो. चिकटतो तो कच्च्या बंधांनीच, पण आकार कुलूप-किल्लीसारखा जुळल्यामुळं पक्का. मग पेशीला भोकं पडतात, पेशी फुगून फुटते, अळी खाणं सोडते आणि मरते. आपल्या जठरात आम्ल असतं आणि आपल्या आतड्यात हे कुलूपच नसतं.

या जिवाणूचं जनुक घातलेल्या कपाशीला भारतात २००२ साली परवानगी मिळाली. पहिली काही वर्षं बोंडं स्वच्छ निघायची. २०१० मध्ये गुजरातेतल्या गुलाबी बोंडअळीत प्रतिकार दिसल्याचं जाहीर झालं. २०१७ च्या हंगामात तर महाराष्ट्रात, आमच्याकडेही, वेचणीला गेलेल्या बायका किडकी कवडी, म्हणजे खराब झालेला कापूस, घेऊन परत आल्या.

मधल्या काळात अळी काही शिकली नव्हती. बीटी खाल्लेली अळी एक तर मेली, नाही तर जगली. थोडं थोडं खाऊन सरावलेली अशी कुणी नव्हती. पण लाखो अळ्या सारख्या नसतात. डीएनएची नक्कल होताना अधूनमधून एखादं अक्षर चुकतं, एखादा तुकडा गळतो. अशाच चुकीनं काही मोजक्या अळ्यांचं कॅडेरिन बिघडलेलं होतं. कुलूप वेगळं, किल्ली बसेना. भारतातल्या प्रतिकारक अळ्यांच्या कॅडेरिनच्या जनुकात असे बिघाड प्रत्यक्ष सापडले आहेत. एरवी असा बिघाड त्यांच्या काही कामाचा नव्हता. पण सगळं शिवार बीटीचं झालं आणि बाकीच्या मेल्या, तेव्हा पतंग होऊन अंडी घालायला त्याच उरल्या. एका हंगामात या किडीच्या अनेक पिढ्या होतात. डार्विननं १८५९ मध्ये मांडलेली नैसर्गिक निवड ती हीच, आणि ती पाहायला आम्हाला कुठल्या दूरच्या बेटावर जावं लागलं नाही.

केळीशी तुलना केली की हे आणखी स्पष्ट होतं. रावेर-यावलच्या बागांतल्या केळीत गुणसूत्रांचे दोनाऐवजी तीन संच असतात, म्हणून बी धरत नाही. ऊतिसंवर्धनाची (टिश्यू कल्चरची) रोपं म्हणजे एकाच झाडाच्या हुबेहूब प्रती. हजारो झाडांत भेद जवळजवळ नाही, त्यामुळं नवा रोग आला तर त्यातून वाचणारं वेगळं झाड सापडणंच कठीण. अळीजवळ भेदांचं भांडवल आहे, केळीजवळ ते नाही.

आता वर्गीकरण. शाळेत ते पाठांतराचा विषय वाटायचं, पण शेतात ते फार कामाचं आहे. भल्या सकाळी कपाशीचं फूल पाहा. पहिल्या दिवशी ते दुधी-पिवळसर असतं, दुसऱ्या दिवशी गुलाबी होतं. मधोमध सगळे पुंकेसर जोडून झालेली एक नळी दिसते. तीच नळी भेंडीत, अंबाडीत आणि अंगणातल्या जास्वंदीत आहे. ही सगळी एकाच कुळातली भावंडं. गुलाबी बोंडअळी भेंडीवरही जगते, ते या नात्यामुळंच. सातपुड्यातली काटेसावरही आता डीएनए पाहून याच कुळात घेतली आहे. तिची रुई मात्र बियांवर नाही, तर फळाच्या आतल्या भिंतीवर येते. म्हणजे रुई सारखी दिसली तरी तिचा उगम वेगळा आहे. लिनियसनं अठराव्या शतकात फुलांचे अवयव मोजून गट पाडले. गट नात्यावरून पाडायचे असतात हे डार्विननंतर उलगडलं.

किडींकडेही याच नजरेनं बघावं. रेशीमकिडा, पिठातला पतंग आणि बोंडअळी हे तिन्ही पतंग-फुलपाखरांच्या गणातले, म्हणून कुलूप जवळपास सारखं आणि ही किल्ली तिघांनाही लागते. मावा आणि तुडतुडे दुसऱ्या गणातले. कपाशी बीटी असली तरी त्यांच्यावर तिचा परिणाम होत नाही. "बीटी लावली, मग तुडतुडे कसे?" हा प्रश्न मी अनेकदा ऐकला आहे. त्याचं उत्तर वर्गीकरणात आहे.

प्रत्येक अळीत कॅडेरिनच्या जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आणि एक बापाकडून. दोन्ही बिघडल्या तरच अळी वाचते. समजा हजारात एक प्रत बिघडलेली आहे, तर दोन्ही बिघडलेली अळी दहा लाखांत एक. शेताच्या कडेला साधी कपाशी असेल तर तिथं साध्या अळ्या जगतात, त्यांचे पतंग या एकुलत्या वाचलेल्या पतंगाशी जुगतात आणि त्यांच्या पिलांना एक धड प्रत मिळते. ती पिलं बीटीवर मरतात. अमेरिकेत आधी अशा साध्या कपाशीच्या ओळी नेटानं राखल्या गेल्या, पुढं नापीक केलेले पतंग सोडण्यासारखे उपायही जोडले गेले, आणि २०१८ मध्ये तिथल्या कपाशीतून ही अळी नाहीशी झाल्याचं जाहीर झालं.

आपल्याकडेही बियाण्याच्या पाकिटासोबत १२० ग्रॅमची साध्या बियाण्याची वेगळी पुडी मिळायची. शेताच्या चहूबाजूंनी पाच ओळी लावायच्या, असं सांगितलेलं असायचं. आमच्या घरी त्या पुड्या कोनाड्यात पडून राहिल्या. जागा वाया जाईल, त्या ओळी कीड खाईल, असा हिशेब होता. तो हिशेब करणाऱ्यांत मीही होतो, आणि आज त्याचं वाईट वाटतं.

मी काकांना हे सगळं त्याच बांधावर बसून सांगितलं. ते बोंड हातात फिरवत बराच वेळ ऐकत होते. मग त्यांनी विचारलं, "मंग फरदडमां त्याच वाचेल वाढतीस?" होय, त्याच. डिसेंबरनंतर पाणी देऊन ठेवलेल्या कपाशीत वाचलेल्या अळ्यांना आणखी एक-दोन पिढ्या मिळतात, आणि सरकीत, पऱ्हाटीत दडून त्या पुढच्या हंगामापर्यंत टिकतात. काकांनी त्या वर्षी फरदड घेतली नाही. डिसेंबर सरायच्या आत पऱ्हाटी उपटून शेत मोकळं केलं, आणि उरलेल्या किडक्या बोंडांची होळी बांधाच्या कोपऱ्यात केली.