नीटचा फॉर्म, दाखले आणि तारखा: मार्क असूनही जागा कुठे अडते

नीटमध्ये, म्हणजे वैद्यकीय प्रवेशाच्या परीक्षेत, चांगले मार्क पडूनही जागा हातची जाते, ती बहुतेक वेळा एखाद्या दाखल्यापायी. अभ्यासाला दोन वर्षं देणारी मुलं कागदपत्रांना निकालानंतरचे आठ दिवस देतात, आणि त्या आठ दिवसांत सेतूवर रांग, प्रांताधिकारी रजेवर, सर्व्हर बंद. म्हणून हे सगळं अकरावीत असतानाच वाचावं, आणि पालकांनी आधी वाचावं.

पात्रतेत फारसं अवघड काही नाही. प्रवेशाच्या वर्षाच्या ३१ डिसेंबरला १७ वर्षं पूर्ण हवीत, वरची वयोमर्यादा नाही. बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी हवं. खुल्या वर्गाला पीसीबीमध्ये, म्हणजे या तीन शास्त्रांत मिळून, ५० टक्के म्हणजे ३०० पैकी १५०, मागासवर्गीयांना ४० टक्के म्हणजे १२०. नीटच्या नादात बारावीकडे दुर्लक्ष करणाऱ्यांनी हे आकडे भिंतीवर लावावेत. अकरावीत कॉम्प्युटर किंवा इलेक्ट्रॉनिक्सचा बायफोकल (दोन विषयांच्या जागी येणारा व्यावसायिक विषय) घेताना जीवशास्त्र सुटत नाही ना, हेही तेव्हाच पाहा. आणखी एक गोंधळ दरवर्षी होतो: राज्याच्या प्रवेश परीक्षेचा, म्हणजे एमएचटी-सीईटीचा, पीसीबी गट फार्मसी-कृषीसाठी असतो. एमबीबीएस, बीडीएस, बीएएमएस, बीएचएमएस यांना नीटच लागते.

अर्ज एक नाही, तीन

सर्वांत महागात पडणारा गैरसमज हा, की नीटचा फॉर्म भरला म्हणजे प्रवेशाचा फॉर्म भरला. नीटचा फॉर्म फक्त परीक्षेचा. तो राष्ट्रीय चाचणी संस्था, म्हणजे एनटीए, घेते. निकालानंतर राज्याच्या ८५ टक्के कोट्यासाठी राज्य सीईटी कक्षाकडे वेगळी नोंदणी करावी लागते आणि सरकारी कॉलेजांतल्या १५ टक्के अखिल भारतीय कोट्यासाठी एमसीसीकडे, म्हणजे केंद्राच्या वैद्यकीय समुपदेशन समितीकडे, तिसरी. अभिमत विद्यापीठं पुण्यातली असोत की नवी मुंबईतली, त्यांचे प्रवेशही एमसीसीतूनच होतात. तिथे नोंदणीबरोबर अनामत भरायची असते: साध्या कोट्याला खुल्या वर्गासाठी १०,००० रुपये, राखीवसाठी ५,०००, आणि अभिमतसाठी थेट २ लाख. ती सहसा परत मिळते, पण भरायच्या दिवशी खात्यात हवी.

प्रत्येक ठिकाणचं वेळापत्रक स्वतंत्र असतं. "सरांनी सांगितलं नाही" हे कारण कुठेच चालत नाही, तेव्हा तिन्ही संकेतस्थळांवरच्या सूचना रोज स्वतः उघडून पाहायच्या.

नीटच्या फॉर्ममध्ये प्रवर्ग कोणता लिहायचा

इथे भले भले चुकतात. नीटच्या फॉर्मवर केंद्राचे प्रवर्ग असतात, राज्याचे नव्हे. केंद्रात भटके-विमुक्त असा वेगळा प्रवर्गच नाही. त्यातल्या बहुतेक जाती केंद्राच्या ओबीसी यादीत आहेत, पण आपली जात त्याच नावाने, त्याच उपजातीने तिथे आहे का, हे राष्ट्रीय मागासवर्ग आयोगाच्या यादीत पाहूनच ओबीसीवर खूण करा. कुणबी केंद्राच्या यादीत आहेत. एसईबीसी, म्हणजे सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्गातले मराठा, नाहीत: राज्यात २०२४ च्या कायद्याने त्यांना १० टक्के आरक्षण आहे, पण नीटच्या फॉर्मवर एसईबीसीचा विद्यार्थी खुल्या वर्गात येतो, किंवा निकषात बसत असेल तर ईडब्ल्यूएसमध्ये, म्हणजे आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकात. तो ईडब्ल्यूएसचा दाखलाही केंद्राच्या नमुन्यातला हवा. त्यात उत्पन्न ८ लाखांच्या आत असणं पुरत नाही. पाच एकर शेती किंवा हजार चौरस फुटांचा फ्लॅट असला तरी दाखला मिळत नाही.

ओबीसीचंही तसंच. जातीच्या आणि नॉन-क्रिमीलेअरच्या (उन्नत गटात मोडत नसल्याच्या) दाखल्याचा राज्याचा नमुना वेगळा, केंद्राचा वेगळा. सेतूवर "नॉन-क्रिमीलेअर पाहिजे" एवढंच सांगितलं तर राज्याचा मिळतो आणि एमसीसीच्या राऊंडमध्ये कॉलेजच्या पडताळणी टेबलावर तो नाकारला जातो. अर्ज देतानाच "दोन्ही नमुने पाहिजेत" असं स्पष्ट सांगा.

व्हॅलिडिटी: जो कागद कुणाच्या घरात नसतो

राज्याच्या कोट्यात राखीव जागेवर प्रवेश हवा तर जातीचा दाखला पुरत नाही, जात वैधता प्रमाणपत्र लागतं. ते जिल्हा जात प्रमाणपत्र पडताळणी समिती देते, आणि अनुसूचित जमातींसाठी वेगळी तपासणी समिती आहे. अर्ज ऑनलाइन भरायचा, त्याला कॉलेजचं सही-शिक्क्याचं पत्र, म्हणजे मुलं ज्याला '१५ ए' म्हणतात ते, जोडायचं आणि जातीचा दाखला ज्या जिल्ह्यातून निघाला त्या जिल्ह्याच्या समितीकडे कागद द्यायचे. लातूरला शिकणाऱ्या मुलाचा दाखला नांदेडचा असेल तर समितीही नांदेडची.

खरी अडचण पुराव्याची. अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५०, जमातींना ६ सप्टेंबर १९५०, भटक्या-विमुक्तांना २१ नोव्हेंबर १९६१ आणि ओबीसींना १३ ऑक्टोबर १९६७ या तारखेपूर्वीचा जातीचा आणि वास्तव्याचा पुरावा मागतात. वडील तेव्हा जन्मले नसतील तर आजोबा, पणजोबा. आजोबा शाळेत गेले नसतील, शेत नावावर नसेल, तर माणूस तिथेच खचतो. शासनाने नोंदी स्वतः सांभाळायच्या आणि पुरावा मात्र भूमिहीन माणसाच्या नातवाकडे मागायचा, हा न्याय नव्हे. पण नियम आज असा आहे, आणि वाटा आहेत.

आधी घरात विचारा: वडील, काका, आत्या, सख्खे चुलत भाऊ-बहीण यांपैकी कुणाची व्हॅलिडिटी झाली आहे का? वडिलांकडच्या रक्तनात्यातली एक वैधता सगळ्यांत भक्कम. ती नसेल तर गावच्या जिल्हा परिषद शाळेत जाऊन आजोबांच्या, त्यांच्या भावांच्या नावाने जनरल रजिस्टर पाहायला सांगा आणि निर्गम उतारा, म्हणजे त्यातल्या नोंदीची नक्कल, घ्या. आजोबा शाळेत गेले नसले तरी त्यांचा धाकटा भाऊ चौथीपर्यंत गेलेला असू शकतो. वंशावळीत त्याचं नाव दाखवलं की तो उतारा चालतो. तेही नसेल तर तहसीलच्या अभिलेख कक्षात कोतवाल बुकाची, म्हणजे गाव नमुना १४ ची, नक्कल मागा. जन्म-मृत्यूच्या त्या जुन्या नोंदीत जात लिहिलेली असते. नक्कल मोडी लिपीत असेल तर जाणकार मोडी लिप्यंतरकाराकडून देवनागरी प्रत करून जोडावी लागते. असे कागद जमवायला तीन-चार फेऱ्या आणि दोन-तीन महिने सहज जातात. म्हणूनच अकरावीच्या दिवाळीआधी अर्ज समितीकडे गेलेला बरा. काही वर्षी शासनाने व्हॅलिडिटीसाठी मुदत वाढवून दिली आहे. त्या आशेवर मुलाचं वर्ष टांगणीला लावू नका.

आणि नावं जुळतात का बघा. एका कागदावर "बाळू", दुसऱ्यावर "बाळासाहेब", तिसऱ्यावर नुसतं "बा." असेल तर समिती त्रुटी काढते. तिन्ही नावं एकाच माणसाची आहेत, असं प्रतिज्ञापत्र पहिल्याच दिवशी जोडा, त्रुटीच्या पत्राची वाट पाहू नका. जातीचा, उत्पन्नाचा, रहिवासाचा दाखला काढताना द्यायच्या प्रतिज्ञापत्रांना मुद्रांक शुल्क माफ आहे. तिथे कुणी स्टॅम्प पेपर आणायला लावला तर लेखी मागा.

३१ मार्चची ओळ

नॉन-क्रिमीलेअर दाखल्याच्या शेवटी एक ओळ असते: हे प्रमाणपत्र अमुक वर्षाच्या ३१ मार्चपर्यंत वैध राहील. बहुतेकांना ही ओळ निकालानंतर दिसते. फेब्रुवारीत घाईने काढलेल्या दाखल्यावर त्याच वर्षाचा ३१ मार्च असेल, तर जुलै-ऑगस्टमध्ये तो कामाचा राहत नाही. २०२५-२६ च्या प्रवेशाला ३१ मार्च २०२६ पर्यंत वैध असलेला दाखला लागत होता. म्हणजे सोपा हिशेब असा: ज्या शैक्षणिक वर्षात प्रवेश, ते आर्थिक वर्ष संपेपर्यंत दाखला जिवंत हवा. अर्ज एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात टाका. सोबत सलग तीन वर्षांचं उत्पन्न दाखवावं लागतं, म्हणून तलाठ्याकडची कामं मार्चमध्येच उरका. हा दाखला भटके-विमुक्त, ओबीसी आणि एसईबीसी यांना लागतो. अनुसूचित जाती-जमातींना लागत नाही, तरी काही सेतूचालक त्यांनाही काढायला लावतात. केंद्राच्या ओबीसी आणि ईडब्ल्यूएस दाखल्यांनाही चालू आर्थिक वर्षच बघतात.

दाखला रखडला तर लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ हाताशी आहे. अर्जाची पावती जपा. तिच्यावरची तारीख उलटली की त्याच कार्यालयाच्या प्रथम अपील अधिकाऱ्याकडे अपील करता येतं.

डोमिसाईल आणि राजस्थानातल्या कोटाला गेलेली मुलं

राज्याच्या कोट्यासाठी वय-अधिवास-राष्ट्रीयत्वाचा दाखला तर हवाच, शिवाय दहावी आणि बारावी महाराष्ट्रातल्या संस्थेतून झालेली हवी. काही सरकारी आणि सैन्यदलातल्या कर्मचाऱ्यांच्या मुलांना सवलती आहेत. सीमाभागातल्या ८६५ गावांतल्या मराठी मातृभाषेच्या मुलांसाठीही वेगळा कोटा आहे. पण नांदेडचं, नगरचं पोर क्लाससाठी कोटा शहरात किंवा हैदराबादला जातं आणि बारावीचा प्रवेशही तिथल्याच शाळेत घेतं, तेव्हा ८५ टक्क्यांच्या यादीतून त्याचं नाव जातं. हे निकालानंतर कळून उपयोग नसतो. क्लास कुठेही लावा, बारावी कुठल्या राज्यातून होणार हे प्रवेश घेण्याआधी ठरवा.

ड्रॉप घेतलेल्यांनी, म्हणजे बारावीनंतर वर्ष थांबून पुन्हा नीट देणाऱ्यांनी, गॅपचं प्रतिज्ञापत्र आणि सगळ्यांनीच सीईटी कक्षाच्या नमुन्यातलं वैद्यकीय तंदुरुस्ती प्रमाणपत्र तयार ठेवावं. डॉक्टरांच्या लेटरहेडवर लिहून आणलेलं परत पाठवतात.

फॉर्म भरताना

नाव दहावीच्या प्रमाणपत्राप्रमाणे. आपल्या मंडळाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी आणि आधारवर शेवटी, हा घोळ घरोघरी आहे. आधारवरचं नाव, जन्मतारीख आणि वडिलांचं नाव फॉर्म सुटायच्या आत दहावीशी जुळवून घ्या. दहावीच्याच कागदावर चूक असेल तर शाळेमार्फत विभागीय मंडळाकडे जावं लागतं, त्याला वेळ लागतो.

मोबाइल आणि ई-मेल घरचाच द्या. नेटकॅफेवाल्याने सोय म्हणून स्वतःचा ई-मेल टाकला तर ओटीपी, हॉलतिकिटाची सूचना, सगळं त्याच्याकडे जातं. फोटो पांढऱ्या पार्श्वभूमीवर, दोन्ही कान दिसणारा, आणि त्याच फोटोच्या दहा-बारा प्रती, सोबत ४ बाय ६ इंची दोन. प्रवेश पुरा होईपर्यंत तोच फोटो वापरायचा. सही नेहमीच्या वळणाची, इंग्रजी कॅपिटलमध्ये नाही. २०२५ साली फी खुल्या वर्गाला १,७००, ईडब्ल्यूएस-ओबीसींना १,६०० आणि अनुसूचित जाती-जमाती व दिव्यांगांना १,००० रुपये होती. पैसे कापले म्हणजे फॉर्म गेला, असं नाही. कन्फर्मेशन पेज डाउनलोड झालं तरच गेला. शंका आली म्हणून दुसरा फॉर्म भरू नका, एका विद्यार्थ्याला एकच अर्ज करता येतो. दुरुस्तीची खिडकी दोन-तीन दिवसच उघडते. २०२५ ला ती ९ ते ११ मार्च होती.

पेपर मराठीत हवा असेल तर केंद्र महाराष्ट्रातलंच घ्यावं लागतं. भाषांतरात शंका आली तर इंग्रजी प्रश्न अंतिम धरतात, म्हणून इंग्रजी संज्ञा पाठ असू द्या. २०२५ पासून पेपर पुन्हा १८० प्रश्नांचा आणि १८० मिनिटांचा झाला: भौतिक ४५, रसायन ४५, जीवशास्त्र ९०. बरोबर उत्तराला ४, चुकीच्याला उणे १. आधीच्या चार वर्षांतली २०० प्रश्नांची, पर्याय असलेली सराव पुस्तकं वेळेच्या सरावाला वापरू नका.

हॉलतिकिटावर अंगठा आणि फोटो घरी लावून न्यायचा, पालकांची सहीही घरीच. विद्यार्थ्याची सही मात्र वर्गात पर्यवेक्षकासमोर करायची. हौसेने घरीच केलेल्या सहीमुळे वर्गात उगाच धडधड वाढते. दीडला गेट बंद होतं, दोनला पेपर सुरू. पेन केंद्रावर मिळतं. प्रश्नपत्रिका घरी आणता येते, ओएमआर उत्तरपत्रिका परत द्यायची, आणि हॉलतिकीट जपून फाइलमध्ये ठेवायचं, कारण सीईटी कक्षाच्या पडताळणीत पहिला कागद तोच मागतात.